माझे फोटो काढ

चष्मेवाल्याच्या घरात टॅबला कोणी टॅब म्हणत नसे. आईने त्याचं नाव 'पाटी' ठेवलं होतं, आणि आईने ठेवलेलं नाव बदलायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. खिडकीजवळ तिची खुर्ची, खुर्चीसमोर स्टूल आणि स्टुलावर टेकवून उभी केलेली पाटी. बोटं थरथरायला लागली तशी आई पाटीशी बोलायला लागली. बोलायची कसली, ओरडायची. "अगं ए पाटी, पत्ते लाव!" की पाटी मुकाट्याने पत्ते लावायची. पोटच्या पोराने पन्नास वर्षांत ऐकलं नसेल इतकं तिचं पाटीने दोन वर्षांत ऐकलं.

आई जाऊन आता महिना होत आला होता. पाटी अजून स्टुलावरच होती. तिला उचलून ठेवायचं चष्मेवाल्याच्या जिवावर आलं होतं.

ताईला फोटो पाठवणं मात्र टाळता येत नव्हतं. थोरली बहीण दूरदेशी, शेवटच्या महिन्यात नेमका तिचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे आईला बघणं काही झालं नाही. "तिचे शेवटचे फोटो पाठव रे," ती फोनवर म्हणाली होती. "रोज स्वप्नात येते आणि माझ्याकडे पाठ करून बसते. कशी का दिसेना, मला एकदा तोंड बघू दे तिचं."

फोटो होते. बरोबर त्रेचाळीस, सगळे पाटीत, दुसरीकडे कुठेही नाहीत. उद्या पाठवतो, परवा पाठवतो, असं करत चष्मेवाल्याने आठ दिवस काढले. दुकानात हा माणूस दिवसभर गिऱ्हाइकांना "नीट बघा, घाई करू नका, खालची ओळ दिसते का" असं विचारणार, आणि स्वतःच्या आईचे फोटो बघायची वेळ आली की याचे डोळे जमिनीला.

शेवटी एका दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, त्याने मनाचा हिय्या केला. हात खरकटे होते, म्हणून ताटावरूनच ओरडला, अगदी आईसारखा. "पाटी, आईचे फोटो काढ!"

खटक्.

पाटीने समोरच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला.

चष्मेवाल्याला एकट्यालाच हसू फुटलं. "अगं बावळट, तसे नव्हे! काढ म्हणजे शोधून काढ!" पण चूक पाटीची तरी कशी म्हणावी? या 'काढ'चं काही खरंच नाही. आपण चित्र काढतो म्हणजे नसलेलं आणतो, कपाटातून कपडे काढतो म्हणजे असलेलं बाहेर आणतो आणि डाग काढतो म्हणजे असलेलं घालवतो. पाटीने बिचारीने काय समजावं?

हात धुऊन तो खुर्चीच्या बाजूला उकिडवा बसला. पाटी चेहरे ओळखून फोटोंचे गठ्ठे लावायची. पहिल्याच गठ्ठ्यावरच्या गोलात आईचा चेहरा होता, खाली 'आई, ४१२'. त्याने तो उघडला, तर सगळ्यात वर आत्ताचा फोटो. रिकामी खुर्ची, आणि उशीच्या वर, जिथे डोकं टेकेल तिथे, पाटीने चेहऱ्याभोवती आखतात तशी बारीक चौकट आखलेली.

"डोळे तपासून घे माझ्याकडे," असं म्हणत त्याने 'ही व्यक्ती या फोटोत नाही' वर बोट ठेवलं. आकडा ४११ झाला. पण मघाचं हसू कुठे गेलं ते त्याला कळलं नाही.

मग तो शेवटचे फोटो शोधायला लागला. गठ्ठा निळ्या स्वेटरमधल्या फोटोपाशी संपत होता, म्हणजे आई आजारी पडायच्या आधी. त्रेचाळीसपैकी एकही जागेवर नव्हता.

ते सापडले कचऱ्याच्या डब्यात. काढून टाकलेले फोटो पाटी तिथे तीस दिवस ठेवते. प्रत्येकाखाली उरलेले दिवस लिहिलेले. पहिला उद्याच कायमचा जाणार होता. रोज एकदोन असे ते काढले गेले होते, शेवटचे काल. वेळ मात्र प्रत्येकाची एकच, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी हा दुकानात काचा घासत असे आणि घराला कुलूप असे. किल्ली एकच, ती याच्या खिशात.

पाटीला तोंडाने सांगितलेलं सगळं एका यादीत उतरतं, हे त्याला माहीत होतं. त्याने यादी उघडली.

सगळ्यात वर आजचं होतं. 'आईचे फोटो काढ.' आणि समोर, 'अनोळखी आवाज'.

त्याखाली काल, चार दहा. 'माझे फोटो काढ.' समोर, 'ओळखीचा आवाज'.

परवा, चार दहा. 'माझे फोटो काढ.' ओळखीचा आवाज. त्याच्या आदल्या दिवशी तेच. त्याच्याही आदल्या दिवशी तेच. पाटीला जन्मात एकच आवाज ओळखीचा होता. खुर्ची हाताच्या अंतरावर होती आणि तिच्याकडे मान वळवायची चष्मेवाल्याला भीती वाटत होती.

यादी सरकत सरकत आई होती त्या दिवसांत गेली.

'माझे फोटो काढ.'

'अगं, तसं नव्हे. काढून टाक. मी काढ म्हटलं की काढून टाकायचे.'

'त्याला समजत नाही. तू तरी समज.'

त्याला सगळं आठवलं. अंथरुणातून आई म्हणाली होती, "माझे फोटो काढ रे." याला वाटलं, हौस आली म्हातारीला. धावत पाटी आणली आणि खटक्, खटक्. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "इकडे बघ ना, आई. जरा हस," म्हणत हा पलंगाला वळसा घालून पलीकडे गेला. "काढ म्हणते ना!" आई कळवळली, आणि याने आणखी काढले. बसलेले गाल, कवळीशिवायचं तोंड, डोळ्यांतली विनवणी. त्रेचाळीस वेळा. त्याला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात पाटीवरच ताईचा निरोप आला. 'आज तरी पाठवशील ना?'

खाली दोन बटणं होती, 'परत आणा' आणि 'कायमचे काढून टाका'. ताईला आईचं तोंड बघायचं होतं. आईला ते कोणाला दाखवायचं नव्हतं. एकीचं ऐकावं तर दुसरी कायमची दुखावणार, आणि आईला तर हा एकदा चांगलाच छळून बसला होता. त्याने सगळ्या फोटोंवर खूण केली आणि दुसरं बटण दाबलं. पाटीने विचारलं, 'नक्की?' त्याने पुन्हा दाबलं.

"काढले, आई," तो खुर्चीकडे न बघता म्हणाला. "सगळे काढले. आता ताईला काय पाठवू ते तूच सांग."

खटक्.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती, दुकान उघडायची वेळ कधीच टळून गेली होती. पाटीवर पुन्हा रिकामी खुर्ची होती, तिच्यावर उन्हाची तिरीप, वर बारीक चौकट. आणि खाली 'आई, ४१२'. चष्मेवाल्याने खिशातलं भिंग काढून चौकटीवर धरलं. उशीचा उसवलेला टाका दिसला. दुसरं काही दिसलं नाही.

ताईला लिहायला शब्द सुचेनात, म्हणून त्याने तेवढा फोटोच पाठवून दिला. निदान खुर्ची तरी बघेल.

उत्तर यायला वेळ लागला.

'अरे, किती छान हसतेय! आणि थेट माझ्याकडे बघतेय. मी उगीच काय काय मनात घेऊन बसले होते. हा कधी काढलास?'

त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, जे केल्याबद्दल तो गिऱ्हाइकांना रागवायचा. पुन्हा लावून फोटो पाहिला. खुर्ची होती, उशी होती. त्याने लिहिलं, 'तिनेच काढायला लावला,' आणि पाठवून दिलं.

मग एवढ्या वेळात पहिल्यांदा तो खुर्चीकडे नीट वळून बसला.

"इकडे पण बघ ना, आई," तो म्हणाला.