हत्तींच्या जागी होड्या

गुरुवारी सकाळी माझ्या राजधानीला वेढा घालून बसलेल्या वन्संच्या एकोणीस हत्तींच्या होड्या झाल्या. कोरड्या जमिनीवर, भर शेतात, शिडं उभारलेल्या एकोणीस होड्या.

गोष्ट संगणकावरच्या खेळाची आहे हे आधीच सांगते, नाहीतर म्हाताऱ्या बाईला चळ लागला म्हणाल. राज्यं वाढवायचा, सैन्यं हलवायचा, वीस वर्षं जुना खेळ. मी आणि माझी थोरली नणंद नऊ वर्षं त्यातला एकच डाव खेळतोय. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या खोलीतल्या संगणकावर आळीपाळीने सुरू केला होता. त्या गेल्या, आणि पंधरा दिवसांत वन्संनी चार माणसांसमोर म्हटलं की आईची जुनी पत्रं मी फेकून दिली. मी फेकली नव्हती. पण घरात माणसं होती, मी गप्प बसले. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, डाव मात्र चालू आहे. त्या आपली चाल खेळतात, डाव सेव्ह करून फाइल मला मेल करतात. मी माझी खेळून परत पाठवते. मेलमध्ये एक अक्षर नसतं.

आणि मी हरत होते. उगाच का खोटं बोलू? वन्संच्या पुढच्या चालीत राजधानी पडणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

नेमका तेव्हाच माझा लॅपटॉप मेला. नव्यावर खेळ उघडेना. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली, पण जगभरची हौशी मंडळी असले जुने खेळ चालते राहावेत म्हणून आपापल्या डोक्याने पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळं, बनवतात आणि फुकट वाटतात. जावयाने तसला एक पॅच टाकून दिला. खेळ झकास उघडला. वन्संची फाइलही उघडली. फक्त हत्तींच्या होड्या झाल्या होत्या.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी मेलमध्ये एक वाक्य लिहिलं. "नव्या मशीनवर डाव बिघडून उघडतोय, हत्तींच्या होड्या दिसतात, थोडे दिवस थांबा."

उत्तर दहा मिनिटांत आलं. "हरायला लागलीस की तुझ्याकडे काहीतरी मोडतंच. रडीचा डाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यात चिडायचं काय?" आमचे हे चष्मा पुसत म्हणाले. "होड्या जमिनीवर चालतात का? वेढा आपोआप उठला. जिंकलीस तू."

"आणि तोंड कुठे दाखवू?"

"अगं, खेळ आहे तो."

"मग तुमच्या बहिणीला सांगा की तसं."

बहिणीला काही सांगायचं म्हटलं की ह्यांना बाजारातलं काम आठवतं. तसं ते आठवलं.

एकदा गप्प बसले ते पुरे झालं होतं. हरायचं तर हरेन, पण मोडला म्हणून सुटले असं कुणी म्हणता कामा नये. डाव दुरुस्त करायचा आणि मग रीतसर हरायचं, असं मी ठरवलं.

आधी फाइलच्या चार प्रती काढून ठेवल्या, कारण मूळ कागदाला हात लावायचा नाही हे मला कुणी शिकवायला नको. मग पॅच काढून बघितला. खेळ काळा पडदा दाखवून बसला. परत टाकला, होड्या हजर. जावई म्हणाला, "आई, सोडा ना आता." मी सोडलं नाही. पॅच बनवणाऱ्याचा इंटरनेटवरचा चर्चेचा फोरम शोधला. तिथे तो 'घुबड' या नावाने वावरतो. त्याला सगळं सविस्तर लिहिलं. घुबडाने एका ओळीत कळवलं, "जुने सेव्ह चालणार नाहीत, नवा डाव सुरू करा."

नवा डाव सुरू करा म्हणे! एकतीस वर्षं मी इस्पितळात एक्स-रेच्या फिल्मांचं दप्तर सांभाळलं. तुमचा जुना पाय आता चालणार नाही, नवा सुरू करा, असं आम्ही कुणा पेशंटला सांगितलं नाही.

शेवटी वही-पेन्सिल घेऊन बसले. एका बाजूला आठवून लिहिलं की कोण कुठे उभं होतं, दुसऱ्या बाजूला आता तिथे काय दिसतंय ते. नव्या खेळात सैन्याचे प्रकार ज्या क्रमाने येतात तो क्रमही उतरवला. दुपार त्यात गेली. जेवण ह्यांनी आपलं आपण वाढून घेतलं.

वहीत बघता बघता माझ्या ध्यानात आलं. पहिले अकरा प्रकार जागच्या जागी होते. बारावा आणि तेरावा मी जन्मात न पाहिलेले: मशालवाले आणि हेर. त्यापुढचा प्रत्येक जण दोन घरं मागच्याचं सोंग घेऊन उभा. यादीत हत्तींच्या दोन घरं मागे काय, तर होड्या.

मी मोठ्याने हसले. आमच्या दप्तरात एकदा एका नव्या कारकुनाने अस्साच घोळ घातला होता. दोन नवी कपाटं आली, ती त्याने मधेच घुसवली आणि पुढच्या सगळ्या कपाटांचे आकडे बदलले. लोकांच्या हातातल्या चिठ्ठ्यांवर मात्र जुनेच आकडे. तीन दिवस घोटा मागितला की छाती यायची. फिल्म एकही बिघडली नव्हती, नुसते आकडे सरकले होते. इथेही तेच. वन्संच्या फाइलमध्ये हत्ती असं लिहिलेलंच नसणार, नुसता आकडा असणार. घुबडाने आपले मशालवाले आणि हेर मधे घुसवले आणि हत्तींचा आकडा होड्यांना देऊन टाकला.

पॅचच्या फोल्डरमध्ये सैन्याची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये होती. मशालवाले आणि हेर उचलून मी यादीच्या शेवटी नेऊन ठेवले. खेळ उघडला, तो लगेच बंद पडला. यादीत मधे एक रिकामी ओळ राहिली होती. ती पुसली, परत उघडला.

एकोणीस हत्ती, सोंडा वर करून, माझ्या तटाला भिडलेले. मला इतका आनंद झाला की मारायला आलेल्यांना बघून कुणाला तसा होऊ नये.

माझ्याकडे चार धनुर्धर उरले होते. त्यांना तटावर उभं केलं, डाव सेव्ह केला आणि पाठवला. फोरमवर घुबडासाठी लिहिलं, "नवं कपाट शेवटी लावतात. डाव चालतो. यादी जोडली आहे."

संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी ऐकलं, आणि विंचू धरल्यासारखा तो माझ्यापुढे केला.

"फाइल उघडली," वन्सं म्हणाल्या.

"उघडणारच."

"हत्ती आहेत."

"हत्तीच होते ते."

मग म्हणाल्या, "मेल वाचून मला वाटलं, बहाणा आहे. होड्या राहू दिल्या असत्यास तर वाचली असतीस गं."

"वाचले असते."

"बरं, ऐक. मी वेढा उठवते. बरोबरीत सोडू."

सहा वर्षांनी माझ्याशी बोलत होत्या. हो म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण मला दया नको होती. असल्या गोडव्यासाठी मी एकदा गप्प बसले होते, त्याची सहा वर्षं मोजली होती.

"नको," मी म्हटलं. "मी काही मोडलं नव्हतं, वन्सं. एवढं तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. आणि मग चाल करा."

"राजधानी जाईल तुझी."

"जाऊ दे."

"नाही मोडलंस तू," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता.

"आता करा चाल."

फोनमधून त्यांच्या माउसचे आवाज ऐकू आले, एकामागून एक. मग फाइल आली. मी उघडली. हत्ती तट फोडून आत शिरले, धनुर्धर पडले, राजवाडा पडला, आणि पडद्यावर माझ्या पराभवाची पाटी आली. मी मान ताठ ठेवून ती शेवटपर्यंत वाचली.

"वाचलीस?" वन्संनी विचारलं.

"वाचली," मी म्हटलं.

फोन आम्ही दोघींनीही ठेवला नाही.