वरातीला न गेलेली घोडी

मित्रांनो, मी धुळ्याची एक म्हातारी घोडी आहे. रंगानं पांढरी, स्वभावानं हट्टी, नाव चमेली. नवरदेवांना पाठीवर मिरवण्यात माझा जन्म गेला. पण आज सांगणार आहे ते मी न गेलेल्या वरातीबद्दल.

इसाकभाईंनी मला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं तेव्हा मी नुसतं शिंगरू होते. पांझरेच्या काठाजवळ त्यांचं घर आणि घराला लागून पत्र्याचा तबेला. ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलायला त्यांनीच मला शिकवलं. फटाक्याला मी फार बुजायची. मग ते माझ्या कानाशी तोंड आणून काहीबाही पुटपुटत आणि मी शांत व्हायची. त्यांच्या बायकोनं, नाजमीनबाईंनी, माझ्या झुलीवर स्वतःच्या हातानं आरसे टाचले. साक्री, अमळनेर, पाचोरा, कुठं कुठं नाचले मी! करवल्या माझ्यापुढे भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं ताट धरत. म्हातारी माणसं म्हणत, "घोडी असावी तर अशी." खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

मग नशिराबादचं ते लग्न आलं. तिथं एक अनोळखी घोडा होता. त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि तो सारखा ठसकत होता. त्याच्याच शेजारी मला बांधलं, त्याच्याच बादलीत पाणी पाजलं. घरी आल्यावर माझं अंग तापलं. कोरडा खोकला छाती खरवडू लागला. समोरच्या हिरव्या चाऱ्याला तोंड लावावंसं वाटेना.

जनावरांच्या डॉक्टर सुलक्षणाताई आल्या. त्यांनी माझ्या छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "घोड्यांचा फ्लू आहे. ताप उतरला तरी काही आठवडे हिला कामाला लावायचं नाही. नाही तर फुप्फुसं कायमची जातील."

"एवढीशी सर्दी, डॉक्टरबाई. ती आत जाऊन एवढं काय करणार?" इसाकभाई म्हणाले.

सुलक्षणाताईंनी परातीत पाणी मागवलं आणि त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले.

"हा एक थेंब म्हणजे फ्लूचा विषाणू. याच्या अंगाभोवती चरबीचं पांघरूण असतं आणि त्यावर बारीक काटे. हा दुसरा थेंब म्हणजे चमेलीच्या श्वासनळीतली पेशी. तिच्याभोवतीही तसंच चरबीचं पांघरूण. काटा पेशीला चिकटतो. पेशी त्या विषाणूला पिशवीत गुंडाळून आत ओढते. आत जाता जाता ती पिशवी आंबट होते. आंबटपणा लागला की काटा आपलं रूप बदलतो, पिशवीच्या भिंतीत रुततो आणि दोन्ही पांघरुणं एकमेकांकडे खेचतो. आता बघा."

त्यांनी काडीनं एक थेंब दुसऱ्याकडे ढकलला. दोन्ही टेकले, क्षणभर थबकले आणि एकदम एकच झाले. मधली रेघसुद्धा उरली नाही.

"बस्स. विषाणूच्या पोटातला ऐवज पेशीत उतरला. आता पेशी स्वतःचं काम सोडून त्याचीच पिल्लं घडवत बसणार. कुठं काही तोडफोड नाही."

नाजमीनबाई परातीकडे बघतच राहिल्या. "म्हणजे घरचाच होऊन घर लुटतो मेला!"

"पण त्याचं पांघरूण कच्चं आहे," सुलक्षणाताई म्हणाल्या आणि साबणाचं बोट त्यांनी पाण्यात बुडवलं. तेल फाटलं, कणाकणानं पांगलं. "बादली, लगाम, खरारा, हात, सगळं साबणानं धुवा. आणि दुसरा घोडा हिच्याजवळ येऊ देऊ नका."

मला तेव्हा उभं राहणंही जड जात होतं. तरी मनात म्हटलं, शिरलास खरा, पण ही घोडी तुझी नाही.

दोनच दिवसांनी दुपारी बँडचे मालक रुपचंदभाऊ आले. त्यांच्या दोन तरुण घोड्या बग्गीला असत आणि नवरदेव माझ्या पाठीवर.

"इसाकभाऊ, बठ्ठी वरात उभी शे. चल लवकर."

"ताप आहे हो तिला."

"एक सुई टोच नि उभी कर. तू सबद देल शे!"

इसाकभाईंनी मान खाली घातली. झूल काढली, माझ्या पाठीवर टाकली. मला त्यांचा राग नाही आला, पण त्या झुलीचा आला. फाटकापाशी पोचताच मी चारही खूर रोवले. लगाम ओढला गेला, मी हलले नाही. रुपचंदभाऊंची छडी बसली, तरी हलले नाही. खोकल्याची उबळ आली, नाकातून शेंबूड उडाला आणि मी कान मागे पाडून दात दाखवले.

नाजमीनबाई साबणाच्या हातानंच धावत आल्या आणि फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मागे व्हा, रुपचंदभाऊ! ही खोकली की तुमच्या दोन्ही घोड्या पडतील. मग कुणाला नाचवाल?" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही ती झूल काढा आधी."

इसाकभाईंनी झूल काढली.

"आजपासून तुनी वाट येगळी, मनी येगळी," म्हणत रुपचंदभाऊ निघून गेले. त्या दिवशी कुंदन नावाचा नवरदेव पायीच मांडवात गेला. लग्न काही अडलं नाही.

माझा ताप उतरला. खोकला मात्र लांबला. नाजमीनबाईंच्या हातांना धुऊन धुऊन भेगा पडल्या. रुपचंदभाऊंनी मला पुन्हा बोलावलं नाही, पण त्यांच्या घोड्या धडधाकट राहिल्या. पुढच्या वर्षी सुलक्षणाताईंनी आमच्या अंगणात लसीकरण ठेवलं. त्या म्हणाल्या, "लशीमुळे रक्तात पहारेकरी तयार होतात. ते विषाणूचे काटेच धरून बसतात. काटा चिकटलाच नाही, तर दोन पांघरुणं एक होणार कशी?" रांगेच्या शेवटी रुपचंदभाऊ उभे होते, दोन्ही घोड्या घेऊन. आमच्याशी बोलले नाहीत. सुई टोचताना स्वतः घोडीचं तोंड छातीशी धरून उभे राहिले.

आता मला धाप लागते, वराती बंद झाल्या. लोक इसाकभाईंना विचारतात, "हिला कशाला पोसता?" ते म्हणतात, "मला तोंड असून 'नाही' म्हणता आलं नाही. ते हिनं म्हटलं."

मित्रांनो, आजारी जनावराला दामटू नका. त्याची बादली वेगळी ठेवा, हात धुवा, लस चुकवू नका. आणि तुमच्या अंगात ताप असताना कुणी "काही होत नाही, चल" म्हणालं, तर खुशाल हट्टी व्हा. लोक हट्टी म्हणतील. म्हणू देत. मलाही म्हणतात, आणि मी अजून जिवंत आहे.