एक जानेवारीची माणसं

कॉलेजातला इतिहास विभाग बंद झाला, तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं. चौदा वर्षं तिथं शिकवलेलं. प्राचार्यांनी वसतिगृहावर देखरेख करायची जागा पुढं केली, आणि घरी बसण्यापेक्षा बरं, असंही वर ऐकवलं. तिनं आभार मानले, विभागाच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पुढच्याच आठवड्यात प्रोग्रामिंगच्या वर्गात नाव घातलं.

घरी बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागणार? दादा स्वतः इंजिनियर. त्यानं जेवताना सगळ्यांदेखत तिची उलटतपासणीच घेतली. गणित सुटून किती वर्षं झाली, विशीतल्या पोरांपुढं टिकाव कसा लागणार, हसं झालं तर काय करशील. आई ताटातून मान वर करेना. त्याचं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, मी तुला विचारत नाहीये. सांगतेय."

पहिले तीन महिने सगळं डोक्यावरून गेलं. एका राहून गेलेल्या कंसापायी तिनं अख्खी दुपार घालवली, आणि शेजारच्या मुलीनं तो येता-जाता दाखवून दिला. तरी तिनं वर्ग सोडला नाही. वर्षअखेरीस एकतीस अर्ज केले. त्यातल्या एका कंपनीनं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. इस्पितळांत पेशंटची नोंदणी करायचं सॉफ्टवेअर ती कंपनी बनवत होती.

तिथला टीमप्रमुख तिशीतला, डोक्यानं तल्लख आणि तोंडानं फटकळ. शिक्षण काय, असं त्यानं विचारलं, उत्तर ऐकलं आणि तिला मास्तरीणबाई करून टाकलं. संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या मजल्यावर झालं. कुणालाच नको असलेलं कामही तिच्याच गळ्यात पडलं. इस्पितळांकडून आलेल्या तीन वर्षांच्या तक्रारी चाळायच्या आणि जुन्या झालेल्या बंद करून टाकायच्या.

बाकीचे नुसता मथळा बघत. तिनं मात्र तक्रारी वाचल्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकली. एका इस्पितळात एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या होत्या, आणि एकीची औषधं दुसरीच्या फाइलीत दिसत होती. मग तशीच तक्रार दुसऱ्या इस्पितळातून, मग आणखी बारा. सगळ्यांखाली एकच शेरा: नोंदी एकाच व्यक्तीच्या, प्रश्न मिटला. नाव आणि जन्मतारीख जुळली की सॉफ्टवेअर दोन नोंदींची आपोआप एक करत असे. आणि या सगळ्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जानेवारीचा.

तिचा प्रबंध जुन्या जनगणनेच्या वह्यांवर होता. ज्याला आपलं वय ठाऊक नाही, त्याच्यापुढं कारकून साठ, सत्तर असा काहीतरी गोल आकडा मांडतो, हे तिनं हजारो पानांवर पाहिलेलं. तिनं सरळ एका इस्पितळाच्या नोंदणी खिडकीला फोन लावला. तिथल्या बाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं, तारीख माहीत नसली की आम्ही एक जानेवारी घालतो, वर्ष अंदाजानं. रकाना रिकामा सोडला तर तुमचा प्रोग्राम पुढंच जाऊ देत नाही.

प्रमुखाला तिनं हे सांगितलं तेव्हा त्याला घाई होती. गुरुवारी नवी आवृत्ती जायची होती आणि ती सगळ्या इस्पितळांच्या जुन्या नोंदीही अशाच जोडणार होती. एकाच नावाची, एकाच दिवशी जन्मलेली माणसं लाखात एखादी, असं म्हणून त्यानं विषय झटकला. तक्रारी निकालात निघाल्या, यावर तिची सही तेवढी हवी होती.

बुधवारच्या मीटिंगला नऊ जण होते. प्रमुखानं सहीचा कागद तिच्याकडे सरकवला. तिनं तो वाचला आणि परत सरकवला.

"मी सही करणार नाही."

"मॅडम, तुमचे सहा महिने अजून भरायचेत."

"ठाऊक आहे. काढायचं तर काढा. पण पासष्टीच्या पुढच्या पेशंटमध्ये दर पाचातल्या एकाचा वाढदिवस एक जानेवारी आहे, मी काल मोजलंय. इतकी माणसं एका दिवशी जन्मत नाहीत. रिकामा रकाना चालत नाही, हे आपण ठरवलंय, त्यांनी नाही."

प्रमुखानं लॅपटॉप ओढला आणि तिथंच स्वतः मोजून पाहिलं. मग दुसऱ्यांदा मोजलं. गुरुवारी आवृत्ती गेली नाही.

"आता तुम्हीच दुरुस्त करा," तो म्हणाला. त्यात शाबासकी नव्हती. तिची पहिली दुरुस्ती साफ फसली. खरोखर एकाच माणसाच्या दोन नोंदीही जुळेनात. चाचणीत त्यानं ती दहा मिनिटांत पकडली आणि सगळ्यांसमोर तिची सालटी काढली. तिचे कान तापले. चूक होती हे खरंच होतं. ती खुर्ची पुढं ओढून पुन्हा लिहायला बसली. चौथ्या दिवशी काम जमलं. जन्मतारखेखाली 'माहीत नाही' असा पर्याय आला. आधीच चुकून जोडल्या गेलेल्या दोनशे बारा नोंदी तिनं इस्पितळांना फोन करकरून एकेक सोडवल्या. त्याला पाच आठवडे लागले.

दादाला हे कळलं तेव्हा त्यानं नशिबानं सापडलं म्हणून सांगितलं. ती वाद घालत बसली नाही.

सहा महिने भरले, नोकरी पक्की झाली. नवं गिऱ्हाईक येणार म्हणून टीमची ओळख छापायची होती. प्रमुखानं जरा चाचरतच तिला विचारलं, इतिहासाचं वगळूया का, फक्त कोर्सचं ठेवू, लोक उगाच शंका काढतात.

"काढू देत," ती म्हणाली. "इतिहास आधी लिहा, कोर्स नंतर. ज्याला शंका येईल त्याला माझ्याकडे पाठवा."

त्यानं खांदे उडवले आणि तसंच छापलं. गिऱ्हाइकानं शंका काढली. तिनं उत्तर दिलं, आणि ते चांगला अर्धा तास चाललं.