अस्वलाला नाही म्हणता येत नाही

त्या उद्यानातलं संगीत कधी थांबायचं नाही. चौकात वाजायचं, पाळण्यांखाली वाजायचं, आणि खोट्या डोंगरामागे कामगारांच्या खोल्या होत्या, तिथल्या न्हाणीघरातसुद्धा वाजायचं. सहा वर्षांत ते गट्टूच्या डोक्यात असं घर करून बसलं होतं, की जेवतानाही त्याचा पाय ताल धरायचा. कुंपणाच्या आत सगळं ठरलेलं. चालायचं कुठून, हसायचं किती, खाली पडलेला कागद किती मिनिटांत उचलायचा, सगळं. बाहेर जायला पास लागे. तो पंधरा दिवसांतून एकदा मिळे, आणि गट्टूने तर तो मागणंच सोडून दिलं होतं. बाहेर त्याचं होतं कोण?

गट्टू अस्वल होता. तशी तीन अस्वलं होती, पण पाहुण्यांच्या लेखी एकच, म्हणून एक आत आल्याशिवाय दुसरं बाहेर पडायचं नाही. तिघांची उंची सारखी हवी म्हणून बुटकी माणसं शोधून घेतलेली. त्याला गट्टू हे नाव तिथेच चिकटलं. दुसरं अस्वल म्हणजे बोलकी. पोशाखाचं मुंडकं उतरलं रे उतरलं की या मुलीच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. अस्वलाने बोलायचं नाही, हा पहिला नियम. पाहुण्यांसमोर मुंडकं काढायचं नाही, हा दुसरा, आणि तो मोडला तर त्याच दिवशी सामान उचलायचं. तिसरा नियम कागदावर नव्हता, तो मुंडक्यातच बसवला होता. त्याची मान फक्त वर-खाली व्हायची. अस्वलाने कुणाला नाही म्हणू नये, ही मालकांची हौस.

बोलकी तीन वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडून इथे आली होती. गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस, असं बाप म्हणाला आणि हिने ते मनावर घेतलं. हट्टाच्या बाबतीत बापलेकीत डावंउजवं करायची सोय नव्हती. अलीकडे मात्र तिची चुळबुळ वाढली होती. आई भेटायला येतेय, असं तिने गट्टूला सांगितलं. बारा वाजता घड्याळाखाली जे अस्वल असेल ते मीच, बोलता येणार नाही पण ऐकेन, असं तिने आईला कळवून ठेवलं होतं. आईने नुसतं चल म्हणावं, ती त्याच पावली निघणार होती. बॅग भरून तयार होती. गट्टू बरं झालं म्हणाला, आणि तेव्हापासून त्याचं ताट अर्धं भरलेलंच परत जाऊ लागलं. तिच्या बडबडीवरच तो इथे तग धरून होता. तिला हे ठाऊक नव्हतं, कारण त्याने ते कधी सांगितलंच नव्हतं.

नेमका त्या दिवशी, बाराला पाच कमी असताना, बोलकीच्या मुंडक्यातला पंखा बंद पडला. पंख्याशिवाय कुणाला बाहेर सोडत नसत, आणि मुंडकी ज्याच्या त्याच्या मापाची. सुपरवायझरने गट्टूला जायला सांगितलं. बोलकीने हातापाया पडून पाहिलं, पण सुपरवायझर ढिम्म हलला नाही. शेवटी तिने गट्टूचा पंजा धरून सांगितलं, आईला कसंही करून थोपवून धर, पंखा दुरुस्त झाला की मी आलेच.

घड्याळाखाली मुलांची रांग होती आणि रांगेत पिशवी छातीशी धरलेली एक बाई. कपाळ अगदी बोलकीचं. तिचा नंबर आला तशी ती पुढे सरकली आणि अस्वलाच्या काचेच्या डोळ्यांत निरखून पाहू लागली. आतमध्ये नीट जेवतेस ना, असं तिने विचारलं. अस्वलाने मान हलवली. मग ती भरभर बोलत सुटली. बाबा बोलून दाखवत नाहीत, पण दार वाजलं की आधी तेच उठतात, म्हणाली. गट्टू आत घामाने निथळत होता. पाठ खाजत होती आणि खाजवता येत नव्हती.

"येतेस का घरी?"

मान हलली. सवयीने हलली. बाईचा चेहरा उजळला, आणि लगेच तिलाच धीर होईना.

"का इथंच बरं वाटतंय तुला? आमच्यासाठी म्हणून येऊ नकोस. खरं सांग, इथं सुखात आहेस?"

इथे गट्टूला गप्प उभं राहता आलं असतं. कुणी काही वेडंवाकडं विचारलं की अस्वलं तशी उभी राहायचीच. पण त्याने मान हलवली, आणि ही सवय नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मग राहा बाई," ती म्हणाली. "बाबांना सांगते, वाट बघू नका."

तिने अस्वलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती फाटकाकडे निघाली. पुढचं गट्टूला लख्ख दिसलं. बोलकी येईल, आई काय म्हणाली विचारेल. काहीच नाही, असं तो सांगेल. ती दोन दिवस रडेल, बॅग रिकामी करेल, आणि मग पुन्हा बडबडायला लागेल. त्याला हवं होतं तेच. स्वतःची इतकी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

तो पळत सुटला. खेळ समजून मुलं मागे लागली. बाईचा एक पाय फाटकाबाहेर पडला होता. गट्टूने दोन्ही पंजांनी मुंडकं उपटून काढलं. मागे एका पोरीने भोकाड पसरलं.

"मावशी, थांबा. मी ती नाही. ती आत आहे, बॅग भरून बसलीय. तुम्ही नुसतं चल म्हणा, ती निघेल."

बाई त्या घामेजलेल्या, अनोळखी चेहऱ्याकडे बघत राहिली.

"मग तू मान का हलवलीस?"

मुंडक्याची मान वर-खालीच होते, असं सांगणं सोपं होतं. खोटंही नव्हतं.

"ती गेली असती," गट्टू म्हणाला. "मग मला इथं कुणी उरलं नसतं."

बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कुठं आहे ती, दाखव. तुझ्यावर रागवायला मला नंतर वेळ आहे."

कामगारांच्या दाराशी गट्टूने तिला पुढे घातलं आणि तो बाहेरच थांबला. आतून आधी बोलकीचा आवाज आला, मग आईचा. मग बॅग फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. समोरून सुपरवायझर तावातावाने येत होता. त्याने तोंड उघडायच्या आत गट्टूने मुंडकं त्याच्या हातात ठेवलं.