बंद खाच

बाबांना दवाखान्यात ठेवलं आणि लेकीने त्यांचा जुना कॉम्प्युटर उघडला. ते घरी यायच्या आत त्याची रॅम वाढवून त्यांना चकित करायचं होतं. आत एका खाचेत जुनी रॅम होती. दुसऱ्या, रिकाम्या खाचेवर चिकटपट्टीचा पिवळट तुकडा होता. "जिथे तिथे ठिगळं," असं पुटपुटत तिने तो खरवडून कचऱ्यात टाकला आणि नवी रॅम तिथे बसवली.

कॉम्प्युटर नुसता टूंटूं करत राहिला, पडदा काळाच. तिने रॅम खोडरबराने पुसून पुन्हा दाबून बसवली, तरी तेच. संध्याकाळी भेटायला गेली तेव्हा तिचा पारा चढलेलाच होता.

"बाबा, ते धूड मी भंगारात देते. नवीन काही सोसतच नाही त्याला."

बाबांनी उशीवरून मान तिच्याकडे वळवली. "दुसरी खाच मेलीय गं. पट्टीवर लिहिलंय की."

घरी येऊन तिने कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला. चुरगळलेल्या पट्टीवर, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचं मुंगीएवढं अक्षर होतं: "ही खाच बंद. माझ्यानंतर शेजारची वापर, बाळा."