भिंतीपलीकडचे माग

हाशम शेख कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात स्फटिक वाढवायचा. पीएच.डी.चं काम होतं ते. मार्गदर्शक कोल्हापूरला, सोलापुरात विचारायला कोणी नाही. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुट्टी लागली, प्रयोगशाळेला कुलूप पडलं, तेव्हा परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड रिक्षात मांडीवर धरून त्यानं घरी आणला.

काम तसं साधं. नळीत खरवसासारखा जेल लावायचा, तो घट्ट बसला की वरून दुसरं द्रावण हलक्या हातानं सोडायचं. ते जेलमधून मुंगीच्या पावलानं खाली उतरतं आणि वाटेत स्फटिक धरत जातात. त्यांना अंधार लागतो, गारवा लागतो आणि शांतता लागते. अंधारासाठी हाशमनं आतली खोली निवडली, गारव्यासाठी स्टँडभोवती ओली पोती लावली. शांतता मात्र त्याच्या हातात नव्हती. घर पूर्व भागात, भाड्याचं. आणि भिंतीपलीकडं घरमालक कुंडलिकशेठचे यंत्रमाग. ते धडधडायला लागले की भिंत थरथरायची आणि नळ्याही. चांगला टपोरा स्फटिक धरायच्या ऐवजी जेलभर नुसता चुरा पडायचा.

"नमक बना रा क्या रे तू?" त्याची आई मुमताजबी विचारायची.

मग एका सकाळी माग सुरूच झाले नाहीत. शेठ मजुरी वाढवत नव्हते, वर सूत संपून माग बंद पडला तरी त्या दिवसाचा खाडा कामगाराच्याच नावावर मांडत होते. कामगारांनी संप केला. हाशमला हे दुपारी कळलं, पण ती शांतता त्याला सकाळीच ऐकू आली होती. संपाच्या थोडं आधी लावलेल्या नळ्यांत आठवड्याभरात फरक दिसू लागला. चुऱ्याच्या खाली एक-एक स्फटिक सुटा वाढत होता, काचेसारखा स्वच्छ, कडा कोरलेल्या. हाशम आनंदानं भिंग घेऊन तासन् तास बसायचा. संप आणखी चालावा असं मनात यायचं, आणि तो ते लगेच बाजूला सारायचा.

शेजारच्या खोलीत संगप्पा आणि कमलम्मा राहायची, मूळची अक्कलकोटकडची. तो माग चालवायचा, ती त्याच कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात कमलम्मा दारात आली. मुमताजबीनं तिला आत बोलावलं, चहा दिला. तिनं तो अर्धाच प्याला आणि उरलेला पोरीसाठी पेल्यात ओतून घेतला.

"मास्तर, एक काम हाय," ती म्हणाली. "शेठ आमाला दारात उभं करत न्हाय. तुमाला मानतो त्यो. उद्या आमच्यासंगं चला की."

"उद्या?" हाशम म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघू. जरा काम आहे."

"कसलं काम?"

त्यानं तिला आत नेऊन नळी दाखवली. कमलम्मानं वाकून पाहिलं. "लई देखणं हाय," ती म्हणाली. "अजून मोठं व्हतं का?"

"होतं. माग बंद राहिले तर महिन्याभरात बोराएवढं होईल."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. कमलम्मा सरळ झाली.

"मंग आमी बंद ऱ्हावं असंच वाटत असंल तुमाला."

ती रागानं बोलली नव्हती. ती पेला पदराआड धरून निघून गेली. मुमताजबी हाशमच्या हातात पिठाची पिशवी देत एवढंच म्हणाली, "जा, उनके घर दे के आ."

पीठ देतानाच त्यानं संगप्पाला सांगितलं, "उद्या येतो मी."

कुंडलिकशेठनं त्याला खुर्ची दिली. संगप्पा आणि आणखी दोघं-तिघं कामगार भिंतीला टेकून उभेच होते.

"मास्तर, तुम्ही भाडेकरू. यात कशाला पडता?"

"त्यांनाही बसायला सांगा, शेठ. मग बोलू."

शेठनं सतरंजी टाकायला लावली. बोलणं काही एका बैठकीत संपलं नाही. शेवटी मजुरीत मागितली त्याच्या निम्मी वाढ मिळाली; सूत नसेल त्या दिवसाचा खाडा मात्र बंद झाला. संगप्पाला ते पुरेसं वाटलं नाही, पण घरात चूल पेटायला हवी होती. दुसऱ्याच दिवशी भिंत पुन्हा थरथरू लागली.

हाशमनं त्या नळ्या तशाच ठेवल्या. खाली जेलमध्ये परत चुरा धरला. जूनमध्ये त्यातली एक कापसात गुंडाळून तो कोल्हापूरला गेला, काम फसलं हे सांगायला. मार्गदर्शकांनी नळी उजेडात धरली. वर चुरा, मध्ये सुटे टपोरे स्फटिक, खाली पुन्हा चुरा.

"मध्ये काय झालं?"

"शेजारचे माग बंद होते, सर."

"आणि एवढं असून फसलं म्हणता? अहो, थरथर असताना आणि नसताना, एकाच नळीत! हाच विषय घ्या."

त्यानं तोच घेतला. नळ्यांचा एक संच मागांच्या भिंतीला लावला, दुसरा नवी पेठेतल्या मामाच्या कापडदुकानाच्या तळघरात. कोणत्या पाळीत किती माग चालले ते संगप्पा येता-जाता सांगायचा आणि काम कुठवर आलं तेही विचारायचा. कमलम्मा पुन्हा नळ्या बघायला आली नाही. मुमताजबीकडं मात्र यायची, बसायची.

दीड वर्षानं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हे माग मध्येच बंद का होते?"

"संप होता."

"मिटला?"

"अर्धा मिटला, सर," हाशम म्हणाला.

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.