चौथा मालक

चिमट्यात धरलेला केस अहिल्येने दिव्यापाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. तांबूस, जाड, जरासा कुरळा. डोक्याचा नव्हे, दाढीचा. आधीच्या पानातही असलाच निघाला होता. अडीचशे वर्षांपूर्वी छापलेलं, ज्यू धर्मशास्त्राच्या निवाड्यांचं पुस्तक, आणि आत हे असलं! नाशिकला माहेरी आई पोथी सोडायच्या आधी केस घट्ट बांधायची. तरी एखादा पडलाच पानावर, तर आजचं वाचन बाटलं अशा चेहऱ्याने तो बाहेर नेऊन टाकायची. अहिल्येला मात्र काहीच टाकायची मुभा नव्हती. पानातून निघालेली काडी, राख, मेणाचा कपचा, जे काय असेल ते पाकिटात घालून वर पानाचा आकडा लिहायचा, असा ग्रंथालयाचा नियम. तिने आकडा लिहिला आणि मऊ ब्रश फिरवून पुढचं पान उघडलं.

ड्युसेलडॉर्फमधल्या या ग्रंथालयाच्या तळघरात ती जुनी पुस्तकं दुरुस्त करत असे. विष्णूला इथल्या एका कंपनीत इंजिनिअरची नोकरी लागली तेव्हा ती त्याच्यामागून आली होती, आणि तिची एम.कॉम.ची पदवी जी बॅगेत राहिली ती आजतागायत बाहेर निघाली नाही. पस्तिशीत तिने पुस्तकबांधणीचं आउसबिल्डुंग, म्हणजे इथलं उमेदवारीचं शिक्षण, केलं, अर्ध्या वयाच्या पोरापोरींबरोबर, चुकीचं जर्मन बोलत. आता तिचं टाक्याचं काम बघून शिकाऊ मुलं गप्प बसत. शिवलेल्या पुस्तकांपैकी फारच थोडी तिला वाचता येत. पण हे कुणाच्या घरचं, कुणी दिलं, कुणाला दिलं, याची चौकशी केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"तू पुस्तकं शिवतेस का सोयरिकी जुळवतेस?" विष्णू विचारायचा.

"अहो, दोन्हीत धागाच लागतो," ती म्हणायची आणि माहिती काढायला मोकळी व्हायची.

या पुस्तकाची माहिती वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर हार्टुंगबाईंकडे होती. युद्धाच्या काळात लुटून आणलेल्या पुस्तकांचे मूळ मालक शोधून ती परत करायची, हे त्यांचं काम. पहिल्या कोऱ्या पानावरच्या हिब्रू नोंदी त्यांनी अहिल्येला वाचून दाखवल्या. पहिला मालक पोलंडकडच्या एका खेड्यातला हसिदी रब्बी. हसिदी म्हणजे ज्यूंमधले भक्तिमार्गी, आणि त्यांचे रब्बी म्हणजे नुसते शास्त्रीबुवा नव्हेत, शिष्यांनी भोवती गर्दी करावी असे गुरुमहाराज. त्यांनी हे पुस्तक लग्नात जावयाला दिलं, तोही पुढे रब्बी झाला. जावयाने उतारवयात आपल्या पट्टशिष्याला दिलं, तो तिसरा. तिघांनीही नाव घालण्याआधी एकच वाक्य लिहिलं होतं: पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं काही देवाचं आहे. त्याखाली आपापलं नाव.

"म्हणजे आधी सगळं देवाचं म्हणायचं आणि मग सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायचं," अहिल्येने त्या रात्री जेवताना विष्णूला सांगितलं. तिला ती माणसं एकदम ओळखीची वाटली.

पण त्या पानावर चौथी नोंदही होती. वेगळी शाई, वेगळं वळण. पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं काही देवाचं आहे. बस. पुढे नाव नाही. हार्टुंगबाईंच्या मते लिहिणाऱ्याला मध्येच कुणी हाक मारली असावी. तिसऱ्या रब्बींचे वारस न्यूयॉर्कला सापडले होते, त्यांनी पुस्तक मागितलंही होतं. तिकडे पाठवण्यापुरती डागडुजी करायला ते खाली आलं होतं, एवढ्यात नोंदींचा छापून आलेला फोटो बघून अँटवर्पहून एका म्हाताऱ्याचा फोन आला की ती चौथी नोंद माझ्या आजोबांची आहे.

हेर श्पिलर पुढच्याच आठवड्यात हजर झाले. आयुष्यभर शाळेत शिकवलेला, ऐंशीला टेकलेला माणूस, काळा लांब कोट, छातीवर पांढरीशुभ्र दाढी. हार्टुंगबाईंनी हात पुढे केला तसे ते मागे सरकले. परस्त्रीचा हात हातात घ्यायचा नाही हा त्यांचा नेम, आणि तो माहीत असूनही बाई ऐन वेळी विसरल्या म्हणून लालबुंद झाल्या. अहिल्येने नमस्कार केला. म्हातारा खूश होऊन वाकला.

त्यांची हकीकत सरळ होती. तिसऱ्या रब्बींनी मरणाआधी हे पुस्तक त्यांच्या आजोबांच्या हाती दिलं. आजोबा तरुण वयातच रब्बीच्या गादीवर आले होते. युद्धात त्यांना धरून नेलं, पुस्तकं पेट्यांत भरून जर्मनीला गेली, आणि ही सगळी घरात तोंडोतोंडी आलेली गोष्ट. पुरावा विचाराल तर हातात काही नाही.

"नाव का नाही घातलं त्यांनी?" हार्टुंगबाईंनी विचारलं.

"सगळं देवाचं, असं लिहून झालं होतं," श्पिलर म्हणाले. "मग आणखी काय लिहायचं राहिलं?"

बाईंनी सुस्कारा टाकला. न लिहिलेलं नाव कागदोपत्री कसं दाखवायचं? तेव्हा श्पिलर अहिल्येकडे वळले आणि यिद्दिश, म्हणजे ज्यूंची घरची बोली, मिसळलेल्या जर्मनमध्ये त्यांनी हळूच विचारलं, पानांत केस निघाले का?

अहिल्या क्षणभर कानकोंडी झाली. मग म्हाताऱ्याने समजावलं. त्यांच्यात दाढी पवित्र. वाचताना तिचा केस गळला तर तो फेकायचा नाही, जे पान वाचत असू त्याच पानात ठेवायचा. आजोबांची दाढी तांबूस होती, असं आई सांगायची. अहिल्या उठली आणि पाकिटं घेऊन आली. ज्याला घाण समजून तिने नाक मुरडलं होतं, त्याच्याकडे बघताना म्हाताऱ्याचे ओठ थरथरत होते. तिला स्वतःची लाज वाटली.

हार्टुंगबाईंचा मात्र चेहरा उजळला. आल्झो, मग सोपं आहे! केसावरून रक्ताचं नातं सिद्ध करता येतं. त्यांनी प्रयोगशाळेला विचारलं. नातं लागलं तर पुस्तक अँटवर्पला, नाही तर न्यूयॉर्कला. तिकडच्या वारसांनाही हे कबूल होतं. फक्त केस इतके जुने आणि इतके थोडे, की सगळेच्या सगळे विरघळवावे लागणार होते.

श्पिलर यांनी नको म्हटलं.

बाई हतबुद्ध झाल्या आणि त्यांना समजवायची कामगिरी त्यांनी अहिल्येवर सोपवली. अहिल्येलाही मनापासून वाटत होतं की पुस्तक या म्हाताऱ्यालाच मिळावं. तळघरातल्या तिच्या टेबलाशी ते बसले. ग्रंथालयाच्या कपातला चहा त्यांना चालत नव्हता, म्हणून बरोबर आणलेल्या बाटलीतलं पाणी ते पीत होते.

"हेर श्पिलर, एका चाचणीचा तर प्रश्न आहे. पुस्तक तुमच्या घरी येईल."

"आणि आजोबा?"

अहिल्येने टेबलावरच्या पाकिटांकडे पाहिलं.

"त्यांना कबर नाही, फ्राउ सबनीस. कुठे गेले, कुठल्या मातीत, कुणाला ठाऊक नाही. साऱ्या देहातलं एवढंच उरलंय. पुस्तक मिळावं म्हणून मी ते बाटलीत विरघळवू?"

आईला अग्नी दिला तेव्हा अहिल्येला नाशिकला वेळेत पोचता आलं नव्हतं. घरी गेल्यावर आईच्या फणीला अडकलेली गुंतवळ दिसली आणि ती फणी हातात धरून ती किती तरी वेळ रडली होती. तिने म्हाताऱ्याला पुन्हा आग्रह केला नाही. वर जाऊन हार्टुंगबाईंना सांगितलं की ते नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

कागदपत्रं न्यूयॉर्कच्या नावाने झाली. श्पिलर यांनी दोनच गोष्टी मागितल्या. केस जिथे होते तिथे परत ठेवावेत, आणि पुस्तक जायच्या आधी एकदा वाचू द्यावं. नियमांची पुस्तकं चाळून झाल्यावर हार्टुंगबाईंनी ठरवलं की केस पुस्तकातले आहेत, म्हणजे पुस्तकाचेच. पाकिटांवरचे आकडे बघून अहिल्येने एकेक केस आपापल्या पानात शिवणीपाशी ठेवला.

शेवटच्या दिवशी श्पिलर सकाळच्या गाडीने आले आणि पुढेमागे डुलत, गुणगुणत वाचायला बसले. अहिल्या दुसऱ्या टेबलाशी शिवत होती. मध्येच ते थांबायचे, कपाळाला आठ्या घालायचे, मग पटलं नाही अशी मान हलवून कुणाशी तरी वाद घालायचे. आजोबांशीच घालत असावेत, असं तिला वाटलं. बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून त्याला ओठ लावले. न्यूयॉर्कची माणसं वाचणारी आहेत ना, एवढं विचारलं. ती म्हणाली, तिथेही रब्बीच आहेत. त्यांनी मान डोलावली, टोपी चढवली आणि जिना चढून गेले. त्यांच्या पायांचा आवाज थांबेपर्यंत ती दाराशी उभी होती.

पेटीत ठेवण्याआधी शेवटची साफसफाई करायची असते. अहिल्येने ब्रश घेतला आणि पानं उलटू लागली. पुस्तकाच्या मध्यावर, तांबूस केसाच्या शेजारी, एक लांब पांढरा केस होता. सहज पडलेला नव्हता. शिवणीला लागून, सरळ, नीट ठेवलेला. आजोबांना नेलं तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. नातू त्यांच्या दुप्पट म्हातारा होऊन त्याच पानापर्यंत आला होता.

टेबलावरचा फोन वाजला. न्यूयॉर्कला पाठवायच्या अहवालासाठी हार्टुंगबाई विचारत होत्या, आत बाहेरचं काही राहिलं नाही ना?

"नाइन," अहिल्या म्हणाली. "बाहेरचं काही नाही."

तिने पान अलगद मिटलं, आणि न वापरलेला ब्रश खणात ठेवून पेटीचं झाकण लावलं.